मागून लांब, पुढून बारीक

दत्त्या, तू गेलास तो सोमवार होता. सलूनवाल्यांचा सुट्टीचा वार. सुमितचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथला कंपनीत, स्टोअरमध्ये होतो. तो म्हणाला, पप्पा गेले. मी विचारलं, वांगणीला का? कारण सोमवारी तू वहिनीला घेऊन सासुरवाडीला जातोस हे मला पाठ. पोरगा गप्प झाला आणि मग मला कळलं. तू गेल्यावर तुझ्या मुलाशी मी पहिलं वाक्य हे असं बोललो.

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तुझा तो केस सरळ केलेला. गल्लीतल्या पोरांनी निवडला. अख्ख्या बदलापुरात केस सरळ करून घ्यायची साथ आली होती, तेव्हा तू मशीन आणलंस आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर प्रयोग नको म्हणून आधी स्वतःचेच केस सरळ केलेस. आठवडाभर भिजलेल्या मांजरासारखा फिरत होतास. तेव्हा मी तुला म्हणालो होतो, बाबा रे, असा फोटो कोणाला काढू देऊ नकोस. आता तोच फोटो दहा फुटी होऊन चौकात टांगलाय आणि येणारेजाणारे त्याला हात जोडतायत. मला हसू आलं. मग रिक्षा स्टँडच्या मागे जाऊन थोडा वेळ उभं राहावं लागलं.

तुझा जन्म कधीचा, दुकान कधी टाकलंस, ते मी इथे लिहीत नाही. ते तुझ्या भावाने, विलासने छापून घेतलंय. माझ्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही, म्हणून लिहितो.

आपल्या पोरवयात फॅशन कशी यायची हे सुमितला सांगितलं की त्याला गंमत वाटते. आता सकाळी मोबाइलवर दिसली की संध्याकाळी डोक्यावर. तेव्हा ती पायी चालत आल्यासारखी यायची. आधी उल्हासनगरला कॅम्पात उतरायची, मग अंबरनाथ, मग बदलापूर, आणि आपल्या सोनिवलीला पोचेपर्यंत कॅम्पातल्या पोरांनी ती टाकूनसुद्धा दिलेली असायची. तू दहावीनंतर कॅम्प चारमध्ये त्या सिंधी साईंच्या दुकानात कारागीर म्हणून लागलास आणि हा सगळा उशीर संपला. तुझ्यामुळे सोनिवलीच्या पोरांना माल ताजा मिळू लागला. आठवड्यातले चार दिवस तू कॅम्पात, तीन दिवस गावात अण्णाच्या मदतीला. अण्णा, तुझा बाप, वस्तरा-कात्रीची धोपटी घेऊन घरोघर जायचा, तू त्याच्या मागे, आणि तुझ्या मागे आम्ही.

साईंच्या भिंतीवर ते पोस्टर होतं. गोऱ्या पोरांचे सोळा चेहरे, प्रत्येकाखाली नंबर. तिथे कोणी कटचं नाव घेत नसे. पाच मार, अकरा मार, असंच बोलणं. तू ते सोळाच्या सोळा पाठ करून गावात आलास. ओढ्याकाठच्या दगडावर बसून पोरं तुला नंबर सांगायची आणि पोस्टर फक्त तुझ्या डोक्यात. एकदा रघ्याने बारा सांगितला आणि तू त्याला सहा मारून पाठवलास. त्याला काय कळणार होतं. महिनाभर तो बारा नंबर म्हणून मिरवला.

आणि बाकीचं ते सगळं. कमरेला सहा चुण्या आणि खाली घोट्याला आवळलेली ती बॅगी पँट, लेबल विलायती आणि शिलाई कॅम्प पाचची. मागच्या खिशातून मुद्दाम बाहेर काढून ठेवलेली कंगव्याची लाल मूठ. पेजर घ्यायची ऐपत नाही म्हणून पट्ट्याला लावलेलं पेजरचं नुसतं कव्हर. मला कॉलेजात एकाने विचारलं, नंबर काय रे तुझा, आणि मी म्हणालो, सध्या रिपेअरला दिलाय. ऑगस्टमध्ये पोरांच्या मनगटापासून कोपरापर्यंत फ्रेंडशिप बँड असायचे. माझ्या हातात दोन होते. त्यातला एक तू बांधलेला आणि दुसरा मी स्वतःच घेतलेला. हे फक्त तुला माहीत होतं आणि तू ते कधी कोणाला सांगितलं नाहीस. माझी अशी बरीच गुपितं तू गिळलीस.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी अजूनही कोणी न विचारता सांगतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. माझा बा वीटभट्टीवर आणि भातात राबला. अंगठा लावायचा, पण माझं कॉलेजचं ओळखपत्र एकदा दिवसभर खिशात घालून फिरला आणि संध्याकाळी परत देताना म्हणाला, फोटोत जरा हसायचास की. तू तर मी पहिल्या वर्षाला असतानाच माझं नाव बीकॉम ठेवलंस. नापास झालो तर काय म्हणशील, असं विचारलं तर म्हणालास, तरी बीकॉमच, अंडर रिपेअर.

दुसऱ्या वर्षाला मी आठ नंबर धरला. मागून लांब, पुढून बारीक, कानावर मोकळं. हा कट एका दिवसात होत नाही, तो वाढवावा लागतो. सात महिने तू माझी मान सांभाळलीस. पुढचं कापायचास आणि मागचं नुसतं सारखं करायचास. बा म्हणायचा, मागनं बघितलं की वाटतं पोरगी चाललीय आणि पुढनं बघितलं की वाटतं चोर आलाय. पण हसून म्हणायचा. जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग होतं. त्यात फॅशन शो होता आणि वर्गातून ज्या चौघांना घेतलं त्यात मी होतो. सोनिवलीचा पोरगा, त्या कॅम्पातल्या शेटजींच्या मुलांबरोबर. ते काय होतं हे आज कोणाला सांगून कळणार नाही. मला तेव्हा वाटायचं, डिग्री मिळेल तेव्हा मिळेल, माणूस म्हणून मोजणी आधी इथे होणार.

आणि डिसेंबरात बा गेला.

दहाव्याला नदीवर काय झालं ते तुला सांगायला नको, पण आता मला ते एकदा तुझ्यासमोर नीट मांडायचंय. अण्णाला दिसत नव्हतं म्हणून धोपटी घेऊन तू आला होतास. मोठ्या भावाची हजामत झाली. चुलत भावांची झाली. मग मी बसलो. तू माझ्या डोक्यावर पाणी ओतलंस, केस चोळलेस, आणि वस्तरा टेकणार तेवढ्यात मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, मी हे मानत नाही. बाप गेल्याचं दुःख डोक्यावर दाखवायची गरज नाही. आणखीही बरंच बोललो. समाज, रूढी, शिक्षण. इतकं चांगलं मी वक्तृत्वाच्या स्पर्धेतही कधी बोललो नव्हतो. काकाचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो पुढे आला, तो मला मारणार होता हे तुलाही दिसलं.

तेव्हा तू माझी मान धरून मला खाली बसवलंस आणि केसांत बोटं घालून म्हणालास, "काका, ह्याच्या डोक्यात पुरळ आलाय. वस्तरा लागला तर पिकंल. मीच नको म्हणालो ह्याला."

मग कात्रीने एक बट कापलीस आणि बाकीच्यांच्या केसांत टाकलीस. काका मागे सरला. माझं डोकं तू दोन्ही हातांनी असं झाकून धरलं होतंस की कोणाला आत बघता येऊ नये. नदीवर, मयताच्या कार्यात, हातात वस्तरा असताना खोटं बोलायचं नाही, हे अण्णाने तुला लहानपणापासून शिकवलेलं. तू ते माझ्यासाठी मोडलंस.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी स्टेजवर चाललो. टाळ्या पडल्या. फोटो निघाला आणि मी तो फ्रेम करून आमच्या फळीवर ठेवला. म्हणजे बघ मी किती शहाणा. महिन्याच्या कार्याला काका आला, त्याने तो फोटो हातात घेतला, केस वाऱ्यावर, मान चकचकीत. मला विचारलं, पुरळ कुठाय? मी पेपर वाचत राहिलो. तो तिथून थेट अण्णाकडे गेला आणि सांगून आला की नदीवर खोटं बोलणाऱ्याच्या हातून आमच्या भावकीत कार्य नको. पुढच्या सुगीला आमच्या भावकीतल्या तीन घरांनी अण्णाचं भाताचं बलुतं बंद केलं. लग्नाला, बारशाला बोलावणं बंद. तू धोपटी गुंडाळलीस आणि आठवडाभर कॅम्पातच राहू लागलास. मला म्हणालास, अण्णाच्याने आता होत नाही, गावात काय ठेवलंय. मला खरं कारण माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हे तुलाही माहीत होतं. आपण दोघं चहा प्यायलो.

आणि ते केस? मार्चमध्ये कॅम्पात मशरूम कट आला. परीक्षेच्या आधी मी तुझ्याकडे आलो आणि म्हणालो, मागचं काढून टाक. बापाला जे दिले नाहीत ते तीन महिन्यांत फॅशनला दिले. जमिनीवर पडलेले झाडून घेतलेस.

त्यानंतरची तीस वर्षं आपण एकच भांडण भांडलो, तेही आरशातून. मी खुर्चीत, तू मागे, बोलणं समोरच्या काचेत. गावात कोणी गेलं, कोणा पोराने हजामत नाकारली, की माझं नाव निघायचं. बघा, बीकॉमनी त्या काळात करून दाखवलं. शाळेत मला सुधारणेवर बोलायला बोलवायचे आणि मी जायचो. तू विचारायचास, "एकदा मला खरं सांग. मानत नव्हतास म्हणून उठलास, का गॅदरिंग होतं म्हणून? मी कोणाला सांगायला जाणारे?" मी म्हणायचो, तत्त्वाचा प्रश्न होता. तू "हं" म्हणून माझी मान खाली दाबायचास आणि मशीन चालू करायचास. स्पाइक आले, जेल आलं, मग सोनेरी बटा आल्या, आणि प्रत्येक नव्या कटबरोबर तू तेच विचारायचास. मग माझे केसच गेले. तू म्हणालास, ज्यांच्यासाठी एवढं भाषण ठोकलंस ते तरी टिकवायचेस. त्यानंतर मात्र विचारणं बंद केलंस. मला वाटलं, विसरलास.

माझी आई शेवटचे चार महिने अंथरुणावर होती, तेव्हा तू सोमवारी यायचास. तुझ्या सुट्टीच्या दिवशी. तिचे केस धुवायचास, गुंता सोडवायचास, बारीक करायचास. ती तुला म्हणायची, दत्तू, मला पण तो नंबरातला कट मार. तू विचारायचास, मावशी, कितवा? ती म्हणायची, जो बीकॉमला मारलेला. मी दारात उभा असायचो. तेव्हाही सांगता आलं असतं.

परवा, तुझ्या नवव्या दिवशी, सुमित घरी आला. डोक्यावर तो राखाडी रंग, दोन्ही बाजू घासलेल्या, कानावर वस्तऱ्याने काढलेली ती बारीक रेघ. विलासकाका म्हणतोय दहाव्याला सगळं उतरव, म्हणाला. त्याला उतरवायचं नव्हतं. मी मनात म्हटलं, आला माझा वारस, फॅशनसाठी रडणारा. तो म्हणाला, "काका, हे पप्पांनी केलंय. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. म्हातारा दिसशील, म्हणत होते, पण कलर स्वतः लावला. ही रेघ काढायला दोनदा चष्मा पुसला. त्यांच्या हातचं एवढंच आहे माझ्याकडे. वाढून जाईल तेव्हा जाईल. मी स्वतः नाही काढणार."

मग म्हणाला, तुम्ही बोला ना विलासकाकाशी. पप्पा नेहमी सांगायचे, बीकॉम तत्त्वासाठी अख्ख्या भावकीसमोर उभा राहिला, असा एक माणूस मी जवळून बघितलाय.

दत्त्या, तू त्याला असं सांगितलंस. आता मी कोणाला विचारू, तू ते खरं मानत होतास की मला पोराच्या नजरेतही सांभाळून घेतलंस?

मी सुमितला त्याच वेळी सगळं सांगितलं. गॅदरिंग, फोटो, तीन घरांचं भात. तो ऐकत राहिला. म्हणाला, पप्पांना हे बोलला होतात? मी म्हणालो, नाही. तो उठला आणि पाणी न पिता गेला. जाताना चपला घालता घालता म्हणाला, तरी विलासकाकाशी बोला.

काल तुझा दहावा झाला. शिकलेला माणूस म्हणून नदीवर श्रद्धांजलीला नेहमी मलाच उभं करतात, तसं कालही केलं. त्याआधीच विलास आणि सुमितची जुंपली होती. विलास म्हणत होता, पिढ्यान्‌पिढ्या आपण लोकांची डोकी भादरली आणि स्वतःच्या घरात नाही म्हणायचं? लोक तोंडात शेण घालतील. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, ह्यांचं ऐकून शिकलात सगळे. ह्यांचं ठीक आहे, ह्यांचं तत्त्व होतं, तुझं काय आहे, नुसती फॅशन.

माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, विलास, उलटं आहे. नुसती फॅशन माझी होती. माझ्या डोक्यात पुरळ नव्हता आणि तत्त्वही नव्हतं, मला पंधराव्या दिवशी स्टेजवर चालायचं होतं. दत्ता माझ्यासाठी खोटं बोलला आणि त्याच्या बापाचं भात गेलं. ह्या पोराच्या डोक्यावर आहे ते त्याच्या बापाच्या हातचं आहे. त्याला माझ्या तराजूत तोलू नका. एवढंच बोललो. तुझ्याबद्दल जे लिहून नेलं होतं ते खिशातच राहिलं.

विलास बराच वेळ सुमितच्या कानावरची ती रेघ बघत राहिला. मग धोपटीतून कात्री काढली, मागची एक बट कापली, आणि पुढच्याला बसायला सांगितलं.

मला वाटलं होतं, लोक काहीतरी म्हणतील. ते पुढच्या विधीला लागले. परत निघताना काकी भेटली. माझ्या त्या काकाची बायको, आता पंच्याऐंशीची, नातवाचा हात धरून आलेली. तिने मला थांबवलं.

"तुझ्या डोक्यान पुरल नव्हता ता आमाला तवाच समाजला व्हता, बाला," ती म्हणाली. "गॅदरिंगचा बी समाजला व्हता. पोरसवदा व्हतास. पन भात बंद झाला तवा तू का नाय बोललास? तुझा काका तुझा आयकाचा. तू शिकलेला. तू येक शबद बोलाचा व्हता."

म्हणजे केसांचं तर कधीच माफ झालं होतं, दत्त्या. तीस वर्षं मी चुकीच्या गोष्टीची लाज लपवत बसलो.

तुला एक सांगायचं राहिलंय, ते तुझ्या पोरालाही सांगितलेलं नाही. त्या सुगीला काकाच्या खळ्यावर अण्णा आला होता. आमच्या ओट्यावरून ते खळं दिसायचं. मी तिसऱ्या वर्षाची पुस्तकं घेऊन ओट्यावर बसलो होतो. काका त्याच्याशी काही बोलला नाही, नुसती पाठ केली. अण्णा थोडा वेळ उभा राहिला. मग रिकामं पोतं घडी करून काखेत मारलं आणि काठीने वाट चाचपत आमच्या ओट्यासमोरून निघाला. पानांचा आवाज ऐकून थांबला. म्हणाला, "बीकॉम का? अभ्यास चाललाय?"

मी म्हणालो, हो.

"चालू दे," म्हणाला, आणि गेला.